जग दारात आलंय, पाट मांडा

२४ जुलै १९९१ रोजी मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि देशाची दारं उघडली. कोकणात दिवसा दाराला कडी घालायची पद्धत तशीही नव्हती, त्यामुळे आपल्या ते लक्षात यायला वेळ लागला. आता पाहुणे हातपाय धुऊन माजघरात येऊन बसलेच आहेत, तर त्यांच्याशी कसं वागायचं ते शिकून घेतलेलं बरं. या सूचना मुख्यतः वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्गाकडच्या काजूवाल्यांसाठी आहेत. बाकीच्यांनी आपापल्या पिकाचं नाव घालून वाचाव्यात.

बी घेऊन बाजारात जाताना मनात दर धरून जाऊ नका. तुम्ही सकाळी उठून काजीखाली वाकलात, बोंडू मुरगळून बी काढलीत, अंगणात वाळत घातलीत, माकडांच्या नावाने गाव गोळा केलात, हे सगळं कबूल. व्यापारी मूठभर बी हातात खुळखुळवेल, दोन कापून गर बघेल, तोंड वाकडं करेल आणि सांगेल, "आफ्रिकेचो माल इलो हा, दर उतारलो." यावर हुज्जत घालू नये. बेनिन आणि आयव्हरी कोस्ट नकाशात कुठे आहेत हे त्यालाही ठाऊक नसतं. पण तिथला हंगाम साधारण आपल्याच सुमारास असतो, म्हणजे तुमची बी वाळायला आणि आफ्रिका यायला एकच गाठ पडते. किलोला २०० रुपये मिळावेत म्हणून मोर्चा निघाला तर जरूर जा. चार ओळखीची माणसं भेटतात.

कच्च्या बीवरचं आयात शुल्क ५ टक्के होतं, ते २०१८च्या अर्थसंकल्पात अडीच टक्क्यांवर आणलं. हे तुमच्या वाइटासाठी केलं असं मनात आणू नका, कारखान्यांच्या भल्यासाठी केलं. तेव्हा शहाणपण याच्यात आहे की बागायतदार राहूच नये, कारखानदार व्हावं.

त्यासाठी बँकेचं कर्ज काढा. बॉयलर बसवा, कटिंगची मशिनं घ्या, ओव्हन घ्या. गावातल्या बायका कामाला येतील. बीच्या टरफलातलं तेल इतकं जहाल की बोटांची सालं निघतात. तरी त्या येतील, कारण दुसरं काम नाही. एकेक गर हातात घेऊन लाल साल अशी काढायची की गर अख्खा राहिला पाहिजे. अख्खा राहिला तर त्याला ग्रेड आणि दर, फुटला की पाकळी, आणखी फुटला की तुकडा. दिवसभर मान खाली घालून चाललेलं हे काम बघितलंत की काजूकतली घशाखाली उतरायला थोडा वेळ लागतो. पण तुम्ही आता कारखानदार आहात, असल्या गोष्टींकडे बघायचं नसतं.

मग पावसाळ्याच्या तोंडाला गावची बी संपते, बॉयलर थंड पडतो आणि बँकेचा हप्ता मात्र श्रावणातही उपास धरत नाही. आता तुम्हालाच आफ्रिकेची बी हवी, तीही स्वस्त. कालपर्यंत शुल्क वाढवा म्हणून घोषणा देणारे तुम्ही, आता शुल्क काढून टाका म्हणून निवेदन द्याल. यात लाजण्यासारखं काही नाही. बऱ्याच घरांत थोरल्याची बाग आणि धाकट्याचा कारखाना आहे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि म्हणूनच एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. पूर्वी तारीख सावंतवाडीच्या कोर्टात पडायची, आता व्हिएतनाममध्ये पडते एवढंच.

कारण काजूगराच्या निर्यातीत २००६ पासून पुढे आहे तो व्हिएतनाम. त्यांनीही आफ्रिकेचीच बी आणली, पण कापायला आणि सोलायला मशिनं लावली. तो गर इकडे येऊ नये म्हणून २०१९ साली सरकारने किमान आयात किंमत, म्हणजे जिच्याखाली माल आणताच येत नाही ती, वाढवली: अख्ख्या गराला किलोमागे ७२० रुपये, तुकड्याला ६८०. कुंपण चांगलं मजबूत घातलं. मात्र कारखानदारांची तक्रार अशी की गर तरीही येतो, कधी भाजलेला म्हणून, कधी कागदावर गुरांचं खाद्य म्हणून. आपल्या गोठ्यातल्या गुरांना हे कळू देऊ नका, ती पेंड खायची बंद होतील.

१९९१च्या आधी सगळं आलबेल होतं असं मात्र कोणी सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सिमेंटला परमिट होतं, फोनला वर्षानुवर्षांची रांग होती आणि तेव्हाही बी दलालच घेऊन जायचा. फक्त तो ओळखीचा होता, त्याच्या घरी जाऊन शिव्या घालता येत.

आंबेवाल्यांना वेगळं सांगायला नको. २०१४ साली युरोपने फळमाशी सापडली म्हणून आपला आंबा बंद केला आणि २०१५च्या जानेवारीत परत दार किलकिलं केलं. आपण तसे कोत्या मनाचे नाही. ऐन थंडीत वाशीच्या मार्केटला मलावीहून हापूस उतरतो, आणि त्याची कलमं आपल्याच कोकणातून गेलेली. माहेरचं माणूस म्हणून त्याची ओटी भरावी. आपल्या हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन फ्रेम करून पडवीत लावावं.

मोठा प्रकल्प आला तर गडबडून जाऊ नका. गुहागरकरांनी एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प येताना पाहिला, २००१च्या मे महिन्यात बंद पडताना पाहिला आणि त्याच डिसेंबरात खुद्द अमेरिकेत त्या कंपनीचं दिवाळं निघालेलंही ऐकलं.

राहता राहिलं अनुदान. सरकारने २०२४च्या हंगामात काजू बीला किलोमागे १० रुपये जाहीर केले होते, पुन्हा केले तर सोडू नका. सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी आणि विक्रीची पावती हवी. पावती मागितली की व्यापारी दर पाडतो, तो किती पाडतो याचा हिशेब करत बसू नका. सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर आजोबांपासूनची बावीस नावं असतील, त्यातली निम्मी माणसं हयात नसतील आणि उरलेली बोरिवली-विरारला असतील. संमतीसाठी एकेकाला फोन लावा. त्यातल्या ज्या चुलतभावाचे वडील लोअर परळच्या गिरणीत होते, १९८२च्या संपात घरी बसले ते कायमचेच, त्याच्याशी जरा सबुरीने बोला. तो सही देईल. वर आपुलकीने सांगेल, "आणि काजूबिजू पाठवत बसू नकोस हां. बाबांच्या गिरणीच्या जागेवर मॉल झालाय ना, तिथे एकावर एक फ्री मिळतात."