सम, विषम आणि कुकरची रिंग

पुण्याच्या पेठांमध्ये कुणालाही आजची तारीख विचारा, 'विषम' असं उत्तर मिळेल. वार, महिना, तिथी या पुढच्या गोष्टी. पगार झालाय की व्हायचाय, तेही नंतर. आधी सम की विषम ते कळलं पाहिजे, कारण रस्त्याच्या कुठल्या अंगाला गाडी लावायची ते त्यावर ठरतं. पी-वनची पाटी असेल तिथे विषम तारखेला, समोर पी-टूची असेल तिथे सम तारखेला. नागपूरहून आलेला माझा मेहुणा पी-टू म्हणजे टू-व्हीलर असं धरून चालला होता. हुशार माणूस आहे, सीए आहे. उचललेली गाडी सोडवून घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मंडई-तुळशीबागेचं काम निघालं की आमच्याकडे घरात बैठक बसते. काम काय आहे यावर नाही, गाडी कुठे लावायची यावर. परवा आईला कुकरची रिंग हवी होती. पाच लिटरच्या कुकरची आणि तुळशीबागेतलीच. आमच्या कोथरूडच्या नाक्यावर मिळते, पण ती 'दोन महिन्यांत सैल पडते' असं आईचं मत आहे आणि आईच्या मतावर आमच्याकडे अपील नसतं. बायको म्हणाली, "मेट्रोने जा ना." मेट्रो झालीय खरंच झकास. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला जमिनीखाली स्टेशन आहे. वनाझला बसायचं, डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलायची आणि मंडईला वर यायचं ते थेट भाजीच्या वासात. फक्त वनाझपर्यंत जायला मला स्कूटर लागते आणि ती तिथे कुठेतरी लावावी लागते. म्हणजे मंडईतली माझी पार्किंगची चिंता मेट्रोने घराजवळ आणून दिली, एवढंच.

"बाबू गेनू वाहनतळ आहे की मंडईजवळ," बाबा म्हणाले. आहे. चांगला बहुमजली आहे. पण पैसे भरून गाडी लावणं म्हणजे आपल्याला जागा शोधता आली नाही, असं चारचौघांत कबूल करणं. बाबांनी स्वतः तिथे कधी गाडी लावलेली नाही. सल्ला द्यायला मात्र वाहनतळ उत्तम आहे.

निघालो. शिवाजी रस्ता दक्षिणेला वाहतो, बाजीराव रस्ता उत्तरेला आणि लक्ष्मी रस्ता पश्चिमेला. सगळं एकेरी. त्यामुळे इथे रिकामी जागा दिसून उपयोग नसतो, ती आधी दिसावी लागते. डोळ्यांसमोरून गेली की गेली, वळायची सोय नाही. मागचा माणूस हॉर्नवर अंगठा ठेवूनच जन्माला आलेला असतो. एक जागा हुकली की सरळ शनिवारवाड्यापर्यंत जायचं आणि पलीकडच्या रस्त्याने परत खाली यायचं. खुद्द पेशव्यांनी आपल्या वाड्याला इतक्या प्रदक्षिणा घातल्या नसतील.

शेवटी मुख्य रस्त्यांचा नाद सोडून गल्ल्यांत शिरलो. गल्लीत पाटी-वाचन करावं लागतं. 'फाटकासमोर गाडी लावू नये' ही झाली सर्वसाधारण पाटी, तिला कुणी घाबरत नाही. एका वाड्यावर नुसतं 'हे फाटक उघडते' असं लिहिलं होतं. त्या तीन शब्दांत इतकी जरब होती, की मी स्कूटर हळू केली होती ती पुन्हा वेगात घेतली. त्याच्या पुढच्या दारावर 'दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही'. माझ्या तोंडातलं वाक्य त्या भिंतीला आधीच ठाऊक होतं.

आणि मग ती जागा दिसली. दोन स्कूटरींच्या मधली, एका हँडलाच्या रुंदीची. पाटी पी-वनची, तारीख ३१. समोर दोऱ्या, लेस आणि बटणांचं दुकान, दाराशी स्टुलावर पांढरा सदरा घातलेले एक काका. मी स्कूटर आत घातली, साइड स्टँड काढला.

"मेन स्टँडवर," काका म्हणाले. वर बघितलंही नाही.

साइड स्टँडवरची गाडी तिरकी होते आणि दीड गाडीची जागा खाते. गाड्यांच्या रांगेत हा सामाजिक गुन्हा आहे. मी गाडी मेन स्टँडवर चढवली. उजव्या गाडीच्या आरशात माझा आरसा अडकला, तो सोडवला. डावीकडच्या गाडीच्या फूटरेस्टने पोटरीवर काळी रेघ ओढली, ती पुसली.

"हँडल लॉक करू नका."

हाही शिष्टाचार. हँडल मोकळं असलं की नंतर येणारा माणूस तुमची गाडी वीतभर सरकवून आपली घुसवतो. त्याच्यानंतरचा आणखी वीतभर. त्यामुळे इथे गाडी जिथे लावली तिथे सापडत नाही. ती रांगेत साधारण त्या बाजूला सापडते, आणि सापडेपर्यंतची मिनिटं हृदयाला बरी नाहीत.

मी आभार मानले तसे काका मोकळे झाले. "आज एकतीस. म्हणजे आज आमच्या दारात. उद्या एक तारीख, म्हणजे उद्याही आमच्याच दारात. समोरच्यांना दोन दिवस सुट्टी."

मी हे कधी मनात आणलं नव्हतं. काकांनी मात्र आकडेमोड करून ठेवली होती. एकतीस दिवसांचे महिने सात. प्रत्येकात विषम तारखा सोळा, सम पंधरा. वर्षाचे विषम दिवस १८६ आणि सम १७९. म्हणजे पी-वनच्या बाजूला बसणाऱ्याच्या डोक्यावर वर्षाकाठी सात दिवस जास्तीचे. "लीप वर्षी आठ," काका बोट वर करून म्हणाले. "एकोणतीस फेब्रुवारी विषम, लगेच एक मार्च विषम. २०२८ ला बघा तुम्ही."

"अर्ज द्यायचा की काका."

"दरवर्षी देतो. पोच आहे माझ्याकडे." त्यांनी गल्ल्याकडे मान वळवली, त्यावरून पोचपावत्या तिथेच असाव्यात. "माझं म्हणणं साधं आहे. एकतीस तारखेला गाड्या मधोमध लावा. कुणाच्याच दारात नकोत."

मी सांत्वन म्हणून पादचारी दिनाचा विषय काढला. २०२१ पासून दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर गाड्या बंद ठेवतात, लोक रस्त्याच्या मध्यातून मोकळे चालतात, मुलं खेळतात, फार छान वाटतं.

"अकरा," काका म्हणाले. "तीही विषमच."

तुळशीबागेत रिंग मिळायला पाच मिनिटं लागली. दुकानदाराने आधी "कुकर कुठला?" विचारलं, मग "झाकण आतलं की बाहेरचं?" आणि मी खिशातून जुनी रिंग काढून समोर ठेवल्यावर प्रथमच आदराने पाहिलं. पैसे काढत होतो तेवढ्यात बाहेर गाड्या उचलणाऱ्या टेम्पोचा भोंगा खरखरला.

"एम एच बारा..."

बाजार थांबला. अक्षरशः थांबला. बांगड्या घालून घेणारीचा हात बांगडीवालीच्या हातात तसाच राहिला. पितळी समई वजनाला लावलेली तशीच तागडीत. एम एच बारा सगळ्यांचीच असते, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण आता पुढची अक्षरं येणार होती, आणि हाउसीत एकच आकडा बाकी असताना माणसं जशी श्वास धरतात तसा सगळ्या बोळाने श्वास धरला. फरक इतकाच, की इथे आपला नंबर येऊ नये म्हणून. पहिलं अक्षर आलं, अर्धा बाजार सुटला. सुटलेल्यांनी लगेच घासाघीस सुरू केली, तीही आधीपेक्षा कडक. दुसरं अक्षर आलं. माझं पहिलं जुळलं होतं, दुसरंही जुळलं. माझ्याबरोबर आणखी तिघे उरले. एक कॉलेजची मुलगी, एक सफारीतले गृहस्थ आणि एक पिशव्यांनी लगडलेल्या काकू. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ओळख ना पाळख, पण एकाच सिरीजचे. पहिला आकडा आला आणि काकूंच्या हातातल्या पिशव्या खाली गेल्या.

"अहो, माझी!" म्हणून त्या निघाल्या. वय साठीचं असेल, पण शनिपाराच्या दिशेने अशा सुटल्या की गर्दीने आपोआप वाट दिली. त्यांच्या पिशव्या बांगडीवालीने स्टुलाखाली सरकवून ठेवल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. दहा मिनिटांनी काकू परत आल्या, चेहरा लाल, दम लागलेला. "टेम्पोवर चढवली होती," त्या सगळ्या बोळाला उद्देशून म्हणाल्या, "पण मी चाकच सोडलं नाही." मग उरलेल्या खरेदीला लागल्या.

माझं काम झालं होतं. घरी जायला हरकत नव्हती. पण गाडी जागेवर, तीही कायदेशीर तारखेला कायदेशीर बाजूला, दारात राखणीला काका. अशी संधी सोडून निघून जाणं मला जमेना. इतक्या खटपटीने मिळालेली जागा फक्त एका रिंगेवर खर्च करायची? मग अप्पा बळवंत चौकात जाऊन मुलाच्या वह्या घेतल्या. शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण कधीतरी लागणारच होत्या. केस कापून घेतले. अमृततुल्यात दोन कप चहा झाला. तिथे बाकावर बसलेले चौघेही त्याच कारणासाठी बसले होते, हे बोलता बोलता कळलं. एकजण दुपारी बाराला बँकेत आला होता. "साडेबाराला काम झालं," तो म्हणाला, "पण गाडी इतकी छान लागलीय." बाकीच्यांनी समजून माना हलवल्या. बायकोचे तीन फोन आले. "कुठे आहेस?" या प्रश्नाला "गाडी लागलीय" हे उत्तर मला पूर्ण वाटलं, तिला नाही.

संध्याकाळी काकांच्या दुकानाशी आलो. माझी स्कूटर चार गाड्या डावीकडे गेली होती, पण होती. किल्ली हातात घेतली मात्र, मागून आवाज आला, "काढताय का?" दुचाकीवर नवरा-बायको, मध्ये मूल. मी हो म्हणणार तेवढ्यात समोरून एक तरुण हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "सर, मी मघापासून थांबलोय." तिसऱ्या बाईंनी गाडीवरून उतरून थेट माझ्या सीटवर हात ठेवला, "मी यांच्याआधी खुणेने विचारलं होतं यांना." मला खूण आठवत नव्हती, पण इतकी माणसं माझ्या निर्णयाची वाट पाहतायत हा अनुभव नवा होता. मी सावकाश हेल्मेट घातलं, रिंगेची पिशवी हुकला लावली, वह्या पायाशी नीट ठेवल्या. तोवर मूल झोपलंय हा मुद्दा मांडला गेला, त्यावर तरुणाने आजीच्या औषधाचा मुद्दा काढला, आणि बाईंनी काकांना साक्षीला बोलावलं.

मी गाडी मागे घेतली. तिघंही काकांकडे वळून बोलत होते. एवढ्यात उजव्या अंगाने एक पोरगा स्कूटर बंद ठेवून, पायाने ढकलत, आवाज न करता आत सरकला आणि चालता झाला. तिघांनी एकदम काकांकडे दाद मागितली.

काका वाकून त्या गाडीखाली बघत होते. पोराने ती मेन स्टँडवर लावली होती आणि हँडलही मोकळं ठेवलं होतं. काका परत स्टुलावर बसले.