जमलं नाही म्हणे!

आज ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चार सीटचं विमान धावपट्टी संपली तरी पळतंच राहिलं आणि कुंपण तोडून शेतात घुसलं. माणसं वाचली, देवाची कृपा. पण खाली कॉमेंट काय, तर 'ब्रेक फेल'. अरे, ब्रेकचं काय घेऊन बसलात! निम्मी धावपट्टी मागे पडली तरी चाकं टेकलीच नव्हती, दिसत नाही का?

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत हौसेने सेसना १७२ उडवतो. मागे त्याने आम्हाला फिरवून आणलं होतं. काका मागच्या सीटवर. उतरताना विमान जमिनीच्या हातभर वर तरंगतच राहिलं, टेकेना. भावाने चकार शब्द न काढता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पूर्ण आत ढकलला, विमान परत वर नेलं, चक्कर मारून परत आला आणि सुरुवातीलाच चाकं टेकवली. मागून काका म्हणाले, "काय रे, जमलं नाही का?" रात्री जेवताना चार लोकांत पुन्हा तेच.

जमलं नाही? त्यालाच तर जमलं! विमान असं तरंगतं ते बहुतेकदा वेग जास्त असल्यामुळे. आणि उतरताना वेग १० टक्के जास्त असला तर थांबायला साधारण २१ टक्के जास्त अंतर लागतं. त्यात धावपट्टी ओली असली, वारा मागून असला, तर विचारूच नका. २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ओवाटोनाला एक हॉकर ८०० जेट ओल्या धावपट्टीवर टेकलं. थांबेल असं वाटेना, म्हणून वैमानिकाने परत उडवायला घेतलं. तोवर धावपट्टी पुरेशी उरलीच नव्हती. आठही जण गेले. भावाने जे चाकं टेकायच्या आधी केलं, तेच तिथे फार उशिरा झालं.

बरं, मान्य, सगळं वैमानिकावर ढकलता येत नाही. काही विमानतळांवर टोकाला ठिसूळ काँक्रीटचा पट्टा असतो, चाकं त्यात रुततात. ३ सप्टेंबर २०२५ ला शिकागोजवळ आणि फ्लोरिडात बोका रॅटनला, एकाच दिवशी दोन खासगी जेट त्यानेच अडवली. पण हौशी लोकांच्या छोट्या धावपट्ट्यांपुढे असलं काही नसतं हो. कुंपण, रस्ता, नाहीतर ओढा.

काका मनाने वाईट नाहीत. घाबरले असतील, ते असं बाहेर पडलं. पण नंतर भाऊ मला एकटीला म्हणाला, "ताई, मागे घरचं माणूस असलं की परत वर जायला लाज वाटते." लाज! जीव वाचवायची लाज! कुणी घातली ही त्याच्या डोक्यात? आपणच ना?

काका, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात तिकडे जाताय. त्याने दहा वेळा विमान परत वर नेलं तरी मागून एक अक्षर बोलायचं नाही.