‘दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती’ इतकं सोपं नाही: सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला या ना त्या रूपात फिरत असतो. त्याचा सारांश असा: इमारतीच्या नियमांतले शब्द रोजच्या अर्थाने वाचावेत, व्याख्यांचं कलम वकिलांसाठी असतं. घर आपलं आहे तर आत दुरुस्ती कशीही करावी. तीस वर्षं झाली की इमारत धोकादायक. गळतीचा खर्च वरच्या मजल्याने द्यायचा. सिंकिंग फंड अडीनडीलाच असतो. कार्पेट एरिया म्हणजे टेपने भरेल तेवढं. आणि पार्किंग विकत घेतलं की ते आपलं.

वाचायला हे सोयीचं आहे, पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्यातरी कायद्याने किंवा उपविधीने (सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीने) बांधून ठेवलेला आहे. तिथला अर्थ बोलण्यातल्या अर्थापेक्षा कुठे अरुंद, तर कुठे रुंद असतो. नोटीस कुणाला येणार, पैसे कुणाच्या खिशातून जाणार, घर रिकामं करावं लागणार की नाही, हे सगळं त्या अर्थावर ठरतं. म्हणून एकेक दावा घेऊ.

“घराच्या आतल्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही.”

अर्धं खरं आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये परवानगीतून सूट आहे ती ‘टेनन्टेबल रिपेअर’ला, म्हणजे जागा राहण्याजोगी ठेवण्यासाठीच्या दुरुस्तीला. यात काय येतं तेही तिथेच दिलेलं आहे: प्लास्टर, रंग, दरजा भरणं, फरशी बदलणं, संडास-बाथरूम-मोरीची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, मॅनहोल आणि विजेची फिटिंग बदलणं, गनायटिंग (दाबाने सिमेंटचा थर फवारणं), आणि छप्पर त्याच प्रकारच्या सामानाने नव्याने घालणं.

त्याच कलमात काय येत नाही हेही सांगितलेलं आहे. बांधकामाच्या आडव्या-उभ्या मापात बदल, भारवाहक भिंत किंवा स्ट्रक्चरचा भाग काढणं किंवा बदलणं, जोतं, पाया किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा किंवा माळा नव्याने घालणं किंवा वाढवणं, छप्पर सपाट करणं किंवा वेगळ्या सामानाने करणं. कौलं काढून कौलंच घातली तर ती दुरुस्ती. कौलं काढून पत्रा घातला तर व्याख्येप्रमाणे ती दुरुस्ती उरत नाही, मग खर्च कमी आलेला असो वा जास्त.

सगळ्यात जास्त घोळ भिंतीचा होतो. ‘ठोकून पोकळ आवाज आला तर पार्टिशन’ ही कसोटी निरुपयोगी आहे, कारण विटेपासून सुटलेलं प्लास्टरही पोकळच वाजतं. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत खोल्यांमधली ११५ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत बहुधा नुसती आडोशाची असते. जुन्या भारवाहक बांधकामात २३० किंवा ३४५ मिलिमीटरची भिंत वरच्या मजल्याचा भार खाली नेते. तरी केवळ जाडीवरून निकाल देऊ नये. मंजूर नकाशा काढावा, बीम कुठून जातात ते पाहावं, वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत उभी आहे का ते तपासावं आणि मगच नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरला लेखी विचारावं. भिंत भारवाहक नसली तरी सोसायटीच्या समितीची लेखी पूर्वपरवानगी उपविधींनुसार लागतेच.

पालिकेची परवानगी लागत नाही म्हणजे इमारतीवर परिणाम होत नाही, असंही नाही. फरशी बदलणं सूट मिळालेल्या यादीत आहे. पण जुनी फरशी न काढता तिच्यावर ४० मिलिमीटर मसाला आणि १० मिलिमीटरची टाइल घातली तर दर चौरस मीटरला साधारण १०० किलो कायमचं वजन वाढतं. राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसं आणि सामानासाठी डिझाइन करताना धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. म्हणजे त्याच्या निम्मा भार एका नूतनीकरणात कायमचा खर्ची पडला. कायद्याने अडवलेलं नसलं तरी हे करू नये असं आमचं ठाम मत आहे. जुनी फरशी आणि तिच्याखालचा मसाला आधी काढावा. बाथरूममध्ये तो काढताना खालचा वॉटरप्रूफिंगचा कोबा फुटतोच, म्हणून तो थरही नव्याने करावा.

“तीस वर्षं झाली, आता इमारत धोकादायक ठरली.”

तीस वर्षांनी इमारत तपासणीला पात्र होते, धोकादायक ठरत नाही. मुंबईत त्याच १८८८ च्या अधिनियमाचं कलम ३५३ब आणि राज्यातल्या इतर महानगरपालिकांत १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ सांगतं की तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घ्यायची, एका वर्षात प्रमाणपत्र द्यायचं आणि पुढे दर दहा वर्षांनी पुन्हा. ही तीस वर्षं मोजायची कुठून, याचीही व्याख्या आहे: बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा परवानगी किंवा निम्म्या बांधीव क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर, यांपैकी जे आधी घडलं ते. त्यामुळे ‘आमच्याकडे ओसीच (भोगवटा परवानगीच) नाही, आमची तीस वर्षं सुरूच झाली नाहीत’ हा युक्तिवाद टिकत नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींचं वेळापत्रक यापेक्षा कडक आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा, ३० वर्षांपुढे ३ वर्षांतून एकदा. दोन्हींत विरोध नाही, दोन्ही पाळायची आहेत.

मग धोकादायक कुणाला म्हणायचं? पालिका चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून स्ट्रक्चरल दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे स्ट्रक्चरल दुरुस्ती लागते, पण रहिवासी तिथेच राहू शकतात. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. बोलताना चारही ‘धोकादायक’ होतात आणि तिथूनच घबराट सुरू होते, किंवा उलट, सी-१ च्या घरात लोक पावसाळाभर राहतात. नोटीस हातात आली की पहिल्यांदा वर्ग कोणता ते वाचावं.

वर्ग ठरतो चाचण्यांवर, इंजिनीअरच्या नुसत्या फेरफटक्यावर नाही. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ सेल पोटेन्शियल, कार्बोनेशनची खोली, कोअर टेस्ट, रासायनिक तपासणी, हे सगळं अहवालात आकड्यांसह असायला हवं. अल्ट्रासॉनिकमध्ये काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर वेग चांगला मानतात, ३ च्या खाली काँक्रीट संशयास्पद. हाफ सेलचं वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आलं तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता सुमारे ९० टक्के धरतात.

कार्बोनेशनची चाचणी सभासदांनी जवळ उभं राहून जरूर पाहावी. कॉलमचा कोपरा थोडा फोडतात, धूळ झटकतात आणि ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. काँक्रीट गुलाबी झालं तर त्याची क्षारता शाबूत आहे. बाहेरून आत जो पट्टा रंगहीन राहतो, तेवढ्या खोलीपर्यंत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने क्षारता संपवलेली आहे. सळईवर काँक्रीटचं आवरण २० मिलिमीटर आणि रंगहीन पट्टा २५ मिलिमीटर असेल तर सळईचं संरक्षण गेलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आवरण आतून ढकलतो, मग सळईच्या रेषेत उभी चीर दिसते. त्या चिरेवर नुसता पुट्टी आणि रंग चढवणं म्हणजे गंज आत चालू ठेवून वरची खूण पुसणं.

शेवटी, इंजिनीअर शिफारस करतो, नोटीस पालिका काढते: मुंबईत कलम ३५४ खाली, इतर महानगरपालिकांत कलम २६४ खाली. मालकाचा अहवाल सी-१ आणि रहिवाशांचा सी-२बी असा फरक पडला तर मुंबईत प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. म्हणून कुणी एकाच अहवालाची शेवटची पानं दाखवून घर सोडायला सांगत असेल तर चाचण्यांचे तक्ते मागावेत.

“उपकरप्राप्त इमारत म्हणजे मोडकळीस आलेली इमारत.”

नाही. उपकरप्राप्त हा दुरुस्ती उपकराशी जोडलेला शब्द आहे आणि तो मुंबई शहर बेटापुरता आहे. १९७६ च्या म्हाडा अधिनियमाखाली ‘अ’ वर्गात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, ‘ब’ वर्गात तिथून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या आणि ‘क’ वर्गात १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ च्या इमारती येतात. वर्ग बांधकामाच्या तारखेवरून पडतो. इमारतीची आजची प्रकृती त्यातून कळत नाही.

“गळतीचा खर्च वरच्याचा.”

उपविधीत ‘गळती’ हा एकच शब्द नाही. पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक बाहेरच्या पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती, गच्चीतून पाणी उतरून वरच्या मजल्याचं छत आणि प्लास्टर खराब होणं, सदनिकांच्या छतांची स्ट्रक्चरल दुरुस्ती, हे सोसायटीच्या खर्चाचं आहे. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती संबंधित सदनिकाधारकांनी आपसांत संमतीने वाटून घ्यायची. म्हणजे पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत खर्च कुणाचा हा प्रश्नच विचारता येत नाही.

ते शोधायची रीत ठरलेली आहे. डाग फक्त पावसात वाढतो का? मग बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा गच्ची. दिवसरात्र सारखाच ओला राहतो? मग दाबाखालची पाण्याची लाइन: वरच्या घरातला मुख्य व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवून डागाची कड पेन्सिलने आखून पाहावी. वापरानंतरच ठिबकतो? मग नहाणी ट्रॅप, कमोडचा जोड किंवा फरशीखालचा कोबा. यासाठी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी २४ तास साठवावं. खाली ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग गेलं. वाढली नाही तर पाणी काढून ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतावं आणि खाली रंग येतो का पाहावं. दोन्ही घरांतले सभासद आणि समितीचा एक माणूस हजर असताना हे करावं, फोटोवर तारीख असावी. न तपासता दोन शेजारी वर्षानुवर्षं भांडतात आणि पाणी तेवढाच काळ स्लॅबमधल्या सळईवर पडत राहतं.

“सिंकिंग फंड आहे ना, त्यातूनच रंग काढा.”

रंग हे सिंकिंग फंडाचं काम नाही. आदर्श उपविधींनुसार तो वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सहकारी संस्थांच्या निबंधकाची पूर्वमान्यता लागते, आणि तो पुनर्बांधणीसाठी, इमारत मजबूत करणाऱ्या स्ट्रक्चरल बदलांसाठी किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. नेहमीच्या देखभालीसाठी दुरुस्ती निधी वेगळा. सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, दोन्ही वर्षाला आणि दोन्ही सदनिकेच्या बांधकाम खर्चावर. सदनिकेच्या किमतीवर नाही, कारण बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत. बांधकाम खर्च २० लाख असेल तर वर्षाला ५,००० आणि १५,००० रुपये. हीच टक्केवारी करारनाम्यातल्या रकमेवर लावून बिलं काढणाऱ्या समित्या सभासदांकडून जास्त घेतात, आणि मासिक मेंटेनन्सवर लावणाऱ्या इतकं कमी घेतात की मोठ्या दुरुस्तीच्या वेळी तिजोरी रिकामी असते. आपल्या सोसायटीने स्वीकारून नोंदवलेले उपविधी काय म्हणतात ते मात्र आधी पाहावं, बंधनकारक तेच.

“टेपने मोजलं, कार्पेट कमी भरलं, म्हणजे फसवणूक.”

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, २०१६ मध्ये कार्पेट एरिया म्हणजे सदनिकेचं निव्वळ वापरायोग्य क्षेत्र: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खुली गच्ची वगळून, पण आतल्या पार्टिशन भिंती धरून. खोल्या प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजून बेरीज केली की आतल्या भिंतींची जागा सुटते. पार्टिशनची एकूण लांबी १२ मीटर आणि प्लास्टरसह जाडी १५ सेंटिमीटर असेल तर १.८ चौरस मीटर, म्हणजे १९ चौरस फुटांहून थोडं जास्त. एवढी तूट मोजण्याच्या पद्धतीतूनच येते. त्यापलीकडे तूट असेल तर करारातली फरकाची मर्यादा पाहावी, महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना करारात ती ३ टक्के आहे.

जुन्या घरांची गोष्ट वेगळी. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात कार्पेट एरियात बाल्कनी धरलेली आहे. त्यामुळे मोफाखालचं जुनं घर आणि रेराखालचं नवं घर यांचे कार्पेटचे आकडे शेजारी ठेवून दर चौरस फुटाचा भाव काढला तर हिशेब चुकतो. आधी दोन्हींतली बाल्कनी वेगळी काढावी.

“पार्किंग विकत घेतलं, म्हणजे मालकीचं.”

ते गॅरेज असेल तर बोला. रेरात गॅरेजची व्याख्या छप्पर आणि तीन बाजूंना भिंती अशी आहे, उघडी पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रात मोडते. स्टिल्टखालची (इमारतीखाली खांबांमधली मोकळी) जागा मोफाच्या अर्थाने गॅरेज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या निकालात सांगितलं. मोफाखालच्या इमारतीत अशी जागा विकासकाने वेगळी विकली असेल तर पावती कितीही पक्की असो, तिचं वाटप सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठरवलेल्या नियमांनीच व्हायला हवं.