एव्हरग्लेड्सचे कालवे बुजवले की काम संपेल काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सवरच्या माझ्या लेखात मी तिथल्या पुनरुज्जीवन योजनेची बाजू घेतली होती. त्यावर आपला आक्षेप असा की, ज्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने कालवे खणून ही पाणथळ भूमी सुकवली, त्याच विभागाकडे ती पूर्ववत करण्याचे काम सोपवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. बांध फोडावेत, कालवे बुजवावेत आणि मग माणसाने तिथून हात काढून घ्यावा, असे आपण सुचवता. आक्षेपामागची तळमळ मला पटते. उपाय मात्र पटत नाही, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी दोषाच्या वाटणीबद्दल. ही भूमी सुकवण्याची इच्छा अभियंता विभागाच्या कितीतरी आधीची आहे. १८५० च्या केंद्रीय कायद्याने पाणथळ जमिनी राज्यांना दिल्या, त्या सुकवून लागवडीखाली आणाव्यात याच हेतूने. १८८१ मध्ये हॅमिल्टन डिस्टन या उद्योगपतीने फ्लोरिडा राज्याकडून ४० लाख एकर जमीन एकरी २५ सेंट दराने विकत घेतली, आणि १९०५ मध्ये गव्हर्नर झालेले नेपोलियन ब्रोवर्ड एव्हरग्लेड्सचा निचरा करण्याच्या आश्वासनावरच निवडून आले होते. अभियंता विभागाचा कालवे-बांधांचा मोठा प्रकल्प १९४८ चा. त्याच्या आदल्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या: दक्षिण फ्लोरिडाचा मोठा भाग पुराखाली गेला होता आणि डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले होते. एकीकडे उद्यान आणि दुसरीकडे त्याचे पाणी अडवणारी यंत्रणा, या दोन्हींना एकाच देशाने, जवळजवळ एकाच वेळी मान्यता दिली. हा विरोधाभास एका खात्याच्या माथी मारून सुटत नाही.

आता बांध फोडण्याबद्दल. मूळ रचनेत किसिमी नदीचे पाणी ओकीचोबी सरोवरात येई, पावसाळ्यात सरोवर दक्षिण काठावरून ओसंडे, आणि ते पाणी सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या सपाटीवरून, करवती पात्यांच्या सॉग्रास गवतामधून, फ्लोरिडाच्या उपसागराकडे महिनोन् महिने सरकत राही. जमिनीचा उतार किलोमीटरमागे जेमतेम तीन ते पाच सेंटीमीटर. इतक्या कमी उतारावर जमीन फूटभर खचली तरी पाण्याची दिशा बदलते, आणि सरोवराच्या दक्षिणेला ती फूटभर नव्हे, त्याहून पुष्कळ अधिक खचली आहे. तिथली काळी माती म्हणजे पीट, पाण्याखाली हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर. पाणी काढून घेतले की त्याला हवा लागते आणि तो झिजू लागतो, कोरड्या वर्षांत तर पेटतोही. बेल ग्लेड येथील संशोधन केंद्रात १९२४ मध्ये नऊ फुटी काँक्रीटचा खांब खालच्या चुनखडीपर्यंत ठोकला होता आणि त्याचा माथा जमिनीशी समतल ठेवला होता. आज त्या खांबाचा सहा फुटांच्या आसपास भाग उघडा पडलेला आहे. म्हणजे उद्या सरोवराच्या काठचा बांध फोडला, तर पाणी पूर्वीच्या वाटेने दक्षिणेकडे जाण्याऐवजी आधी त्या खोलगट भागातच तुंबेल. ज्या जमिनीवरून जुना प्रवाह वाहत होता, ती जमीनच उरलेली नाही.

त्या खोलगट भागात माणसे राहतात, हेही विसरून चालणार नाही. सप्टेंबर १९२८ च्या चक्रीवादळात सरोवराच्या दक्षिण काठावरचा मातीचा बांध फुटला आणि किमान २,५०० माणसे बुडाली. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. वेस्ट पाम बीचमध्ये गोऱ्या मृतांना शवपेट्या मिळाल्या आणि कृष्णवर्णीय मृतांना एकत्रित खड्डा, ज्यावर कित्येक दशके साधी खूणही नव्हती. आज ज्या बांधाला आपण निसर्गावरचे आक्रमण म्हणता, तो या मृत्यूंनंतर उभा राहिला. त्याने सरोवराचे मोठे नुकसान केले हे खरे आहे. पण तो फोडण्याची सूचना करताना त्याच्या पायथ्याशी आजही बहुतांशी गरीब वस्ती आहे, याचा विचार आपल्या प्रतिक्रियेत कुठेच दिसला नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

तिसरी अडचण पाण्याच्या प्रतीची. एव्हरग्लेड्सचे मूळ पाणी पोषकद्रव्यांच्या दृष्टीने अत्यंत गरीब होते आणि तिथली सारी जीवसृष्टी त्या गरिबीवर पोसलेली आहे. उसाच्या मळ्यांतून आणि कुरणांतून येणारा फॉस्फरस मिसळताच सॉग्रास मागे हटते, पाणकणसाचे दाट रान माजते, आणि करकोचे व बगळे जिथे उतरून मासे टिपत त्या मोकळ्या जागा बुजून जातात. १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या वकिलाने फ्लोरिडाच्या यंत्रणांना याच कारणासाठी न्यायालयात खेचले. त्यानंतर फॉस्फरसची मर्यादा पाण्याच्या अब्ज भागांत १० भाग अशी ठरली आणि पाणी गाळण्यासाठी हजारो एकरांवर कृत्रिम पाणथळी उभारल्या गेल्या. हे गाळप न करता पाणी मोकळे सोडणे म्हणजे उद्यानात विष सोडणे होय.

आपण सुचवता तसे जिथे करता आले, तिथे ते केले गेले आहे. १९६२ ते १९७१ या काळात अभियंता विभागाने १०३ मैलांची वळणदार किसिमी नदी सरळ करून तिचा ५६ मैलांचा कालवा बनवला. काठच्या पाणथळी सुकल्या, पाणपक्षी गेले. पुढे त्याच विभागाने मधला २२ मैलांचा कालवा बुजवला आणि २०२१ मध्ये काम संपले तेव्हा नदीची ४४ मैलांची वाट पुन्हा वाहू लागली होती. पक्षी परत आले आहेत. मात्र यासाठी आधी काठची एक लाख एकरांहून अधिक जमीन घ्यावी लागली, आणि वरच्या व खालच्या टोकांचा कालवा पूरसंरक्षणासाठी तसाच ठेवावा लागला.

राहिला ‘हात काढून घेण्याचा’ मुद्दा. हे अरण्य निर्मनुष्य कधीच नव्हते. तिथल्या काही वृक्षबेटांच्या, म्हणजे पाणथळीतल्या झाडांनी भरलेल्या उंचवट्यांच्या, तळाशी हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचा शंख-हाडांचा कचरा सापडला आहे, आणि त्या उंचवट्यावरच झाडे रुजली असावीत असे संशोधक मानतात. एकोणिसाव्या शतकातील युद्धांत हुसकावल्या गेलेल्या सेमिनोल आणि मिकोसुकी या मूलनिवासी लोकांनी याच बेटांवर आश्रय घेतला आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. केप सेबल चिमणी या तिथल्या दुर्मिळ पक्ष्याची घरटी बुडू नयेत म्हणून एव्हरग्लेड्समधून आडव्या जाणाऱ्या टॅमिआमी रस्त्याखालचे पाणी सोडण्याचे काही दरवाजे वर्षातले अनेक महिने बंद ठेवले जातात. तेव्हा उत्तरेला पाणी चढते आणि मिकोसुकींची बेटे बुडतात. दरवाजा उघडा ठेवणे हा निर्णय आहे, बंद ठेवणे हाही निर्णयच आहे, आणि कोणीच निर्णय घेऊ नये म्हटले तर तोही कुणाच्या तरी घरात पाणी शिरवणारच.

आपल्या एका प्रश्नावर मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. सरोवराच्या दक्षिणेची जमीनच सरकारने का घेतली नाही, असे आपण विचारता. संधी आली होती. २००८ मध्ये फ्लोरिडा राज्याने एका मोठ्या साखर कंपनीची सुमारे १,८७,००० एकर जमीन १७५ कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले होते. आर्थिक मंदीत तो व्यवहार आक्रसत गेला आणि २०१० मध्ये हाती आली ती २६,८०० एकर. उरलेली जमीन घेण्याचा करारातला अधिकार राज्याने वापरला नाही. २००० साली ७८० कोटी डॉलरच्या अंदाजाने मंजूर झालेली पुनरुज्जीवन योजना आज २,००० कोटींच्या पुढे गेली आहे, ती अशाच चालढकलीमुळे, आणि याचा जाब अभियंत्यांपेक्षा टॅलाहासीतील राज्य विधिमंडळाला विचारायला हवा. सरोवराच्या दक्षिणेला आता जो जलाशय बांधला जात आहे, त्याला १०,५०० एकरच जागा मिळाल्याने तो सुमारे २३ फूट खोल करावा लागतो आहे. पसरट, उथळ पाणथळ पाणी साठवता साठवता गाळतेही, इतक्या खोल जलाशयाला ते जमत नाही, म्हणून त्याच्या शेजारी गाळणीसाठी ६,५०० एकरांची वेगळी पाणथळ करावी लागत आहे.