जिल्हा निवडला की गाव का पुसता?

काल रात्री वैनीच्या पोरीचा ऑनलाइन अर्ज भरायला साडेआठला बसलो, उठलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी बेळगावात वेबसाइट बनवून पोट भरतो, असले फॉर्म रोज बांधतो, म्हणून तर डोकं जास्तच फिरलं. हे अवघड काम नाही हो! कुणीतरी हलगर्जीपणा केलाय आणि तो आम्ही भोगतोय.

वैनीचं माहेर महाराष्ट्रातलं चंदगड, सासर कर्नाटकातलं खानापूर. पोरगी जन्मली आजोळी, वाढली इकडं. सीमाभागात घरोघरी हेच. सध्याचा पत्ता भरला: कर्नाटक, बेळगावी, खानापूर, गाव. खाली जन्मठिकाणाला महाराष्ट्र निवडलं, तर वरच्या पत्त्यातला बेळगावी जिल्हा गायब! तिथं कोल्हापूर, सांगलीची यादी येऊन बसली, आणि खालचा जिल्हा रिकामाच. वर दुरुस्त केलं, परत खाली गेलो, परत तेच. चार वेळा. शेवटी सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. दोन्ही जिल्ह्यांच्या ड्रॉपडाउनला एकच आयडी, म्हणजे कोडमधलं ओळखीचं नाव! एका आयडीचे दोन सापडले की आयडीवरून रकाना शोधणारं गेटएलिमेंटबायआयडी पहिलाच उचलतं, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. कॉपी-पेस्ट करून नाव बदलायचासुद्धा कंटाळा?

मग पिनकोड. 591302 टाकला की जिल्हा आपोआप भरला, पण तालुका रिकामा. कारण माणसाऐवजी स्क्रिप्टनं व्हॅल्यू बसवली की चेंज इव्हेंट, म्हणजे 'निवड बदलली' हा इशारा, आपसूक उडत नाही, तो आपण उडवायचा असतो किंवा तालुके भरायचं फंक्शन थेट बोलवायचं असतं. वैनी बिचारी स्क्रीनकडं बघून म्हणते, "भावजी, आपला तालुका न्हाई काय हो ह्यात?" काय सांगू तिला?

आणि नावं! 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं. तरी एका यादीत जुनं स्पेलिंग, दुसऱ्यात नवं, आणि जुळवणी नावावर. जुळेल कशी? निपाणी तालुका होऊन इतकी वर्षं झाली, ह्या यादीत ती अजून चिकोडीतच. पंचायती राज मंत्रालयाच्या एलजीडीत (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला कोड आहे. पर्यायाच्या आतल्या व्हॅल्यूत तो कोड ठेवा, नाव फक्त दाखवायला. उद्या नाव बदललं तरी काही मोडणार नाही.

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं नेटवर्कची बोंब, त्यामुळं पहिल्या निवडीचं उत्तर दुसरीच्या नंतर येतं आणि चुकीची यादी भरतं. जुनी रिक्वेस्ट रद्द करायची सोय ब्राउझरमध्ये आहे. वापरा की!

पण खरा संताप पुढच्या गोष्टीचा. राज्य कर्नाटक निवडलं की मातृभाषेच्या यादीतून मराठी जाते. महाराष्ट्र ठेवलं की येते. म्हणजे कुणीतरी बसून ठरवून ही अट लिहिली. राज्यावर भाषा टांगायची! खानापूर, निपाणी, बेळगावातल्या मराठी शाळा कुणासाठी चालतात मग? आणि महाराष्ट्रातल्या जत, अक्कलकोटच्या कन्नड घरांनी काय करायचं? त्यांचीही भाषा अशीच पुसली जाणार. जिल्हा राज्यावर अवलंबून असतो, तालुका जिल्ह्यावर. आई घरात कुठली भाषा बोलते ते ह्यातल्या कशावरच अवलंबून नसतं. ज्या दोन गोष्टींचा संबंध नाही त्या एकमेकींना बांधू नका, एवढंच आमचं मागणं आहे.

मुदत रात्री बाराची. पोरगी मराठी शाळेत शिकलेली, मराठीत पहिली आलेली. तिनं गुपचूप यादीतलं शेवटचं निवडलं आणि सबमिट दाबलं. प्रिंट माझ्यासमोर टेबलावर आहे. मातृभाषा: इतर.