घरी पुरा होत नाही, तो सिनेमा लावा

वाचनालयाच्या समितीनं वरचा हॉल द्यायचं कबूल केलं आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. दिवाळीनंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक मराठी सिनेमा, नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे सहा सिनेमे. तिकीट नाही. सिनेमा संपल्यावर ज्याला थांबायचंय त्यानं थांबावं आणि बोलावं. इथवर सगळ्यांचं जमलं. ते सहा कोणते, हे विचारल्याबरोबर बिनसलं.

अमितनं पहिलंच नाव टाकलं, 'अशी ही बनवाबनवी'. "पहिल्या शनिवारी हॉल भरला पाहिजे, मर्दा. एकदा माणसं आली की मग तुमचं काय ते गंभीर दाखवा."

"अरे, पाठ आहे तो लोकांना," शिरीषकाका म्हणाले.

"म्हणूनच येतील की!"

शिरीषकाका बँकेतून निवृत्त झालेत आणि फिल्म सोसायटीच्या काळातले आहेत. पुण्याहून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे डबे यायचे, प्रोजेक्टर भाड्यानं आणायचा, मध्येच रीळ तुटलं तर जोडेपर्यंत अंधारात गप्पा मारायच्या, हे सगळं त्यांनी तरुणपणी केलंय. त्यामुळं त्यांची यादी खिशात तयारच होती. 'संत तुकाराम', 'माणूस', 'शेजारी', 'श्यामची आई', 'सामना', 'सिंहासन'. १९३६ ते १९७९. अमितनं कागद बघून परत दिला. "काका, हा सिलॅबस झाला. परीक्षा कधी?"

मेघाताई शाळेत शिकवतात, त्या मध्ये पडल्या. त्यांचं म्हणणं असं की दोघांचीही यादी एकाच प्रश्नातून निघालीय, 'मराठीतले उत्तम सिनेमे कोणते?' एकाला लोकांना आवडलेले उत्तम वाटतात, दुसऱ्याला इतिहासात नोंदलेले. पण हॉलमध्ये कोण येणार, किती वाजता येणार, आणि घरी जाताना कुणाशी काय बोलणार, हे कुणीच विचारत नाही.

मला त्यांचं पटलं, आणि त्याहून थोडं पुढंही जावंसं वाटलं. मी म्हटलं, आपली कसोटी एकच ठेवू. जो सिनेमा घरी एकट्यानं बघायला बसलं तर पुरा होत नाही, तो इथं लावायचा. 'बनवाबनवी' घरी पुरा होतो. टीव्हीवर मधूनच लागला तरी माणूस शेवटपर्यंत बसतो, त्याला आपल्या हॉलची गरज नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल मला प्रेमच आहे. पण महिन्यातून एकदा आपल्याला शंभर खुर्च्या मिळतात. त्या खुर्च्यांमुळंच जो सिनेमा बघून होईल, त्याच्यासाठी त्या वापरायला हव्यात.

"उदाहरण दे," अमित म्हणाला.

मी 'कोर्ट'चं दिलं. चैतन्य ताम्हाणेचा, एका खटल्याचा, २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला गेलेला. त्यात शेवटाकडं सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, पडदा काळाभोर होतो आणि तसाच राहतो. घरी बघणारा माणूस इथं 'संपला' म्हणून उठतो, नाहीतर मोबाइल हातात घेतो. त्यानंतरच न्यायाधीश सहलीला गेलेला दिसतो आणि आत्तापर्यंत बघितलेल्या सगळ्या तारखांचा, सगळ्या शांतपणे नाकारलेल्या जामिनांचा अर्थ तिथं बदलतो. तो काळा पडदा शंभर माणसांनी एकत्र सोसला तरच पुढचं पोचतं. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायलाच न घेणारा तो न्यायाधीश, त्या प्रसंगावर घरी माणूस नुसता मान हलवतो. हॉलमध्ये आधी कुणीतरी हसेल, मग दुसऱ्या कुणाला ते हसू खटकेल, आणि चर्चा तिथूनच सुरू होईल.

"आणि अर्धा हॉल तासाभरात उठून गेला तर?" अमितनं विचारलं. हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं त्या संध्याकाळी नव्हतं. रफिककडं होतं.

रफिकचा साउंड सिस्टिमचा धंदा आहे. गणपतीपासून लग्नापर्यंत सांगली-मिरजेतले निम्मे हॉल त्यानं आतून-बाहेरून बघितलेत. तो म्हणाला, "सिनेमा अवघड म्हणून माणूस उठत नाही. शब्द कळत नाहीत म्हणून उठतो. चित्र थोडं फिकं पडलं तर लोक चालवून घेतात. संवाद घुमला की पहिल्या वीस मिनिटांत मागची रांग रिकामी."

वाचनालयाच्या हॉलला खाली फरशी, वर उघडा स्लॅब आणि दोन भिंतींना नुसत्या काचा. टाळी वाजवली तर ती परत ऐकू येते. रफिकचा उपाय असा: पुढं दोन थोरले स्पीकर ठेवून आवाज चढवायचा नाही, त्यानं घुमणं आणखी वाढतं. चार लहान स्पीकर, दोन पुढं आणि दोन मधल्या खांबांना, आवाज कमी, तोंडं माणसांकडं. काचांना जाड पडदे, खाली सतरंज्या. आणि जुने सिनेमे असले तर खालचा बेस काढून मधला आवाज थोडा वर घ्यायचा, कारण त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खाली नुसती घरघर असते, शब्द मध्येच असतात. शिरीषकाकांनी लगेच मोबाइलवर 'संत तुकाराम' लावला, रफिकनं पिशवीतला छोटा स्पीकर जोडला आणि तिथंच करून दाखवलं. तुकाराम झालेल्या पागनीसांचा अभंग धुक्यातून बाहेर आल्यासारखा स्वच्छ झाला. चहावालासुद्धा गाळणं हातात धरून ऐकत उभा राहिला.

त्या दोन मिनिटांनी 'संत तुकाराम'चं काम झालं, डिसेंबर त्याला मिळाला. पण तो घेण्याचं शिरीषकाकांचं कारण मला मान्य नाही. ते म्हणतात, व्हेनिसला १९३७ मध्ये गौरव झालेला सिनेमा, प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलालांचा, तो प्रत्येकानं बघितलाच पाहिजे. 'बघितलाच पाहिजे' म्हटलं की माणूस पाय मागं घेतो. मी तो लावीन तो गौरीबाईंनी केलेल्या जिजाईसाठी. घरात पोर आजारी, नवरा विठ्ठलाच्या नादात, आणि ही बाई पायातली चप्पल हातात घेऊन थेट देवळात देवाला जाब विचारायला निघते. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी एका संतपटात हे चालून गेलं. पोरं, म्हैस, चूल, सगळं एकटीनं ओढणारी ती बाई आणि सगळं वाटून टाकणारा तो नवरा, दोघंही बरोबर वाटतात. आपल्या हॉलमध्ये साठीतल्या बायका निम्म्या असतील. त्यांना त्यावर बोलू दे. पुरुषांनी तेवढा वेळ गप्प बसावं.

संदीप वकील आहे. तो आतापर्यंत काही बोलला नव्हता. आता म्हणाला, "तुम्ही यादी करा, पण एक लक्षात घ्या. फुकट दाखवतोय म्हणून परवानगी लागत नाही, हे डोक्यातून काढा." ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं, ते हॉलमध्ये प्रोजेक्टरला जोडायचा हक्क त्यात नाही. कायद्यात शाळा-कॉलेजांना सवलत आहे, तीही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसांपुरती. आपला प्रेक्षक त्यात बसत नाही. सिनेमा प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची, ती संपली की सिनेमाचा कॉपीराइट संपतो. म्हणजे प्रभातचे आणि १९५३ चा 'श्यामची आई' सिनेमा म्हणून मोकळे आहेत. 'बनवाबनवी' १९८८ चा, तो नाही. बाकीच्यांच्या निर्मात्यांना पत्र लिहायचं, हॉल केवढा, प्रेक्षक किती, तिकीट नाही, हे सरळ सांगायचं, आणि मागितले तर पैसे द्यायचे. अमितला हे जड वाटलं. मला अजिबात वाटलं नाही. ज्यांनी घर गहाण ठेवून सिनेमे काढले, त्यांचं काम चोरून दाखवून 'चांगला सिनेमा जगला पाहिजे' म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग 'फँड्री' आला, गावात डुकरं धरणाऱ्या घरातल्या जब्याचा, जातीवरचा, आणि कट्ट्याचा सूर बदलला.

समितीतल्या एकांनी आधीच सुचवून ठेवलं होतं की 'कुणाला त्रास होईल असं काही नको, घरातली माणसं येतात'. शिरीषकाकांना ते फारसं गैर वाटत नव्हतं. अमित म्हणाला, चौदा एप्रिलच्या आठवड्यात लावू, औचित्यही साधेल आणि कुणी आक्षेपही घेणार नाही. त्याचा हेतू चांगला होता, यात शंका नाही.

अंजली तिथंच गाडीला टेकून उभी होती. ती नर्स आहे, ड्यूटीवरून आली की कट्ट्यावर थांबते. ती म्हणाली, "एप्रिलमध्ये लावलास तर तो आमचा सिनेमा होतो. आमची माणसं येणार, तुमची 'यांचा कार्यक्रम आहे' म्हणून घरी बसणार. आम्हाला त्यात नवीन काय दिसणार, अमित? आम्ही ते रोज बघितलंय. तो बाकीच्यांनी बघायचा सिनेमा आहे. जानेवारीत लाव. काही निमित्त नसताना लाव."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मेघाताईंनी विचारलं, मुलांनी बघावा का? अंजली म्हणाली, "जब्याच्या वयाची मुलं आहेत ना तुमच्या वर्गात? मग?"

मला त्यातला राष्ट्रगीताचा प्रसंग आठवला. जब्याचं अख्खं कुटुंब गावासमोर डुकराच्या मागं धावतंय, शाळेतली पोरं त्याला हसतायत. डुक्कर कोंडीत सापडतं आणि त्याच क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो. बापही उभा राहतो. डुक्कर निघून जातं. तो प्रसंग बघताना हॉलमध्ये काय होईल? काही लोक हसतील, कारण तो आधी हसवतोच. काहींना खुर्चीतून उठावं की नाही कळणार नाही. नागराज मंजुळेनं पडद्यासमोरच्या माणसाला तिथं असं पकडलंय की सुटकाच नाही. आणि हे पकडणं खरं जमतं ते शेजारी कुणीतरी बसलेलं असताना, आपण हसलो हे त्याला ऐकू गेलेलं असताना. मोबाइलवर एकट्यानं बघणाऱ्याला हा साक्षीदार कुठून मिळणार?

म्हणून 'फँड्री' जानेवारीत. समितीला काय सांगायचं ते मी आणि मेघाताई सांगू. 'कुणाला त्रास होईल' यातला तो 'कुणी' नेहमी एकाच बाजूचा का असतो, एवढं तर त्यांना विचारणारच आहे.

फेब्रुवारीसाठी 'अस्तु'वर फारसा वाद झाला नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा पंडित हत्तीच्या मागोमाग निघून जातो आणि माहुताच्या बिऱ्हाडी पोचतो. आमच्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी असं एक माणूस आहे. वाद झाला तो त्यानंतरच्या बोलण्यावर. संदीप म्हणाला, एखादे डॉक्टर बोलावू. मेघाताई ठाम नाही म्हणाल्या. डॉक्टर पुढं बसले की लोक औषधं विचारतात. तज्ज्ञ नसला तर कुणीतरी एक बाई उठेल आणि म्हणेल, माझी सासू मला रोज 'तू कोण' विचारते. तिच्यानंतर दुसरी बोलेल. खुद्द मोहन आगाशे, ज्यांनी ते काम केलंय, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पण पडद्यावर ते फक्त हरवलेला म्हातारा आहेत, तेवढं पुरे. मेघाताईंचं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'सिनेमा कसा वाटला' असं माइकवर विचारायचंच नाही, हेही त्यांनीच ठरवून टाकलं. एक प्रसंग घ्यायचा आणि विचारायचं, तुम्ही त्या माणसाच्या जागी असता तर काय केलं असतं?

वेळेचं अंजलीनं सोडवलं. सहाला सुरू केलं तर स्वयंपाक करणारी बाई येणार नाही, आठला केलं तर म्हातारी माणसं. दुपारी चार. आणि दोन तासांच्या आसपासचेच सिनेमे, म्हणजे बोलूनही सातच्या आत घरी. 'फँड्री' पावणेदोन तासांचा आहे, 'कोर्ट' दोन तासांच्या आत, 'संत तुकाराम' थोडा वर.

नोव्हेंबरला 'एलिझाबेथ एकादशी'. अमितला त्याचा भरलेला हॉल मिळेल, कारण पोरं आली की आईबाप येतात. परेश मोकाशीचा तो सिनेमा पंढरपूरचा, सायकल वाचवायला बांगड्या विकणाऱ्या पोरांचा. गरिबीवर रडत नाही, हिशेब करतो, म्हणून मला आवडतो. मार्चला 'सामना'. आपल्या साखरपट्ट्यात तो लावल्यावर लोक त्यातल्या साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या जागी कुणाकुणाची नावं घेतील, या धास्तीनं संदीप जरा चुळबुळला. घेऊ देत. तेंडुलकरांनी तो लिहिला आणि निळूभाऊंनी तो उभा केला तो त्यासाठीच.

एप्रिलचा शनिवार अजून अडलाय. शिरीषकाकांना 'शेजारी' हवाय, शांतारामबापूंचा, १९४१ चा. बुद्धिबळाच्या पटावर बसलेले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि धरणापायी त्यांच्यात पडलेली फूट. सिनेमा मोठा आहे, हक्काचाही प्रश्न नाही. रफिकला विचारलं तर तो म्हणाला, "लावा की. पण संपल्यावर माइक माझ्या हातात देऊ नका. मी मागं मिक्सरवर बसणार." काका ओशाळले, कारण त्यांच्या मनात नेमकं तेच होतं.

मी 'कोर्ट'वर अडून आहे. पाच महिने लोक येत राहिले, बोलत राहिले, तर सहाव्या महिन्यात त्या काळ्या पडद्यासमोर बसायची त्यांची तयारी झालेली असेल, असं मला मनापासून वाटतं. रफिकनं आवाजाची हमी दिलीय. निर्मात्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा संदीप सोमवारी देणार आहे, त्यात 'कोर्ट'चंही पत्र घालायला मी सांगितलंय. शिरीषकाकांशी उद्या संध्याकाळी पुन्हा बसतोय.