भिंतीवर लावायचं नसतं ते पोस्टर

सिनेमाचं पोस्टर जमवण्यात सर्वांत कमी खर्च होतो तो पैशांचा, असं माझं ठाम मत आहे. खरी झीज होते ती पाठीची, झोपेची आणि घरातल्या शांततेची.

पोस्टर म्हणजे थिएटरबाहेर खळ लावून चिकटवतात ते नव्हे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९९७ साली अलामो ड्राफ्टहाउस हे स्वतंत्र थिएटर सुरू झालं. तिथेच मोंडो नावाचं टी-शर्टचं छोटं दुकान निघालं. जुन्या सिनेमांच्या खास खेळांसाठी त्यांनी चित्रकारांकडून नवी पोस्टरं करून घेतली, मोजक्याच प्रती छापल्या, आणि बघता बघता लोक सिनेमा सोडून पोस्टरसाठी रांगा लावू लागले. २०११ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीनेही ही पोस्टरं आपल्या संग्रहात ठेवायला घेतली. २०२२ मध्ये मोंडो फन्कोकडे गेलं, म्हणजे मोठ्या डोक्याच्या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीकडे. पण तोपर्यंत रोग जगभर पसरला होता.

विक्रीची घोषणा व्हायची ट्विटरवर, तीही वेळ न सांगता. ऑस्टिनला भर दुपारचे बारा, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकाचा चेहरा कायम रात्रपाळीहून आल्यासारखा. त्यात पोस्टर 'कार्ट'मध्ये पडलं म्हणजे मिळालं, असं समजू नये. पत्ता टाइप करेपर्यंत ते दुसऱ्याचं झालेलं असतं. म्हणून पत्ता आणि कार्ड आधीच सेव्ह करून ठेवायचं, आणि पैसे भरताना पान रिफ्रेश करण्याचा मोह आवरायचा. 'टाइम्ड एडिशन' असेल तर मात्र खुशाल झोपावं. ठरलेल्या मुदतीत जितक्या ऑर्डरी येतील तितक्या प्रती छापतात. अर्थात मग पुढे भावही तसाच झोपतो.

एवढी मारामारी कशाला, हे छपाई बघितल्यावर कळतं. हे स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून शाई कागदावर ओढून केलेली छपाई. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, प्रत्येक रंगाचा वेगळा हात. समजा सात रंग आणि ३०० प्रती. वाया जाणारे धरून ३५० कागद घेतले तर २,४५० वेळा शाई ओढायची. दोन रंगांच्या मध्ये कागदाने दमट हवा प्यायली की तो किंचित फुगतो, पुढचा रंग सरकतो आणि नायकाच्या नाकाशेजारी पांढरी फट दिसते. नक्कल ओळखायची तर दहापट भिंग लावा. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेट, बारीक ठिपके नुसते विखुरलेले दिसले तर इंकजेट. खऱ्या प्रिंटचा रंग बहुधा सलग असतो, आणि उजेड तिरका पाडला की शाईचा थर कागदावर उठून दिसतो. खाली पेन्सिलीने ४५/३०० लिहिलेलं असतं, म्हणजे तीनशेतली पंचेचाळिसावी प्रत. पहिला क्रमांक मिळावा म्हणून जीव टाकणारे लोक आहेत. वाळवताना कागदांचा क्रम केव्हाच बदललेला असतो, पण हे त्यांना सांगून उपयोग नाही.

मग पोस्टर गुंडाळून ठेवलेली नळी येते. ती सुरीने उघडू नये, सुरी आतल्या ऐवजापर्यंत जातेच. झाकण काढा, दोन बोटं आत घाला, गुंडाळी आहे त्याच दिशेने फिरवून आणखी घट्ट करा आणि हळूच सरकवा. आतली कड धरून ओढलं तर ती चुरगळते. बाहेर आल्यावर समोरासमोरचे दोन कोपरे दोन हातांनी धरायचे. एका हाताने मधेच उचललं की कागदाला नखाएवढा चंद्रकोरी पोचा पडतो. तो कधीच जात नाही, आणि विकताना गिऱ्हाइकाला पहिला तोच दिसतो. उलटं गुंडाळून सरळ करायला जाल तर शाईला तडे. इस्त्रीचा विचार मनातही आणू नये. खाली-वर आम्लमुक्त कागद, त्यावर सपाट फळी, फळीवर जाड पुस्तकं, आणि दोन-चार दिवस धीर. तेवढे दिवस डायनिंग टेबल बंद.

सर्वांत अवघड पायरी म्हणजे फ्रेमवाला. बहुतेक पोस्टरं २४ बाय ३६ इंच. त्याच्याकडे तयार चौकट असते ती २३ बाय ३५ची, आणि तो अत्यंत मदतीच्या भावनेने म्हणतो, "साहेब, खालची पांढरी पट्टी थोडी कापू का?" त्या पट्टीवरच नंबर आणि सही असते. मग तो लॅमिनेशन सुचवतो. तेही नको म्हटलं की "मग हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने बसवून देतो, शंभर वर्षं हलणार नाही." न हलणं हाच तर घोटाळा. दमट हवेत कागदाला फुगायला जागा हवी, म्हणून फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. (हीच खळ कसरीला फार आवडते. संग्रहालयांची शिफारस आणि किड्यांची आवड इतकी जुळलेली दुसरीकडे पाहिली नाही.) शाई आणि काच यांच्यात निदान तीन मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर एका पावसाळ्यात दोघांचं लग्न लागतं आणि घटस्फोटात रंग काचेकडे राहतो. मागे हार्डबोर्डऐवजी आम्लमुक्त बोर्ड. पुढे काचेऐवजी यूव्ही (अतिनील किरण) अडवणारं अॅक्रिलिक. त्यानेही रंग उडणं फक्त लांबतं, कारण साधा उजेडही रंग खातो. पावसाचा मारा लागणारी भिंत, स्वयंपाकघराची भिंत आणि खिडकीसमोरची भिंत वगळायची. टू बीएचकेमध्ये त्यानंतर उरते ती दारामागची.

अंधारात चमकणाऱ्या शाईचा 'व्हेरिएंट', म्हणजे त्याच पोस्टरची वेगळी आवृत्ती, असेल तर आणखी गंमत. प्रती कमी, म्हणून भाव जास्त. पण चमकण्यासाठी त्याला आधी उजेड पाजावा लागतो, उजेडाने बाकीचे रंग उडतात, आणि यूव्ही अडवणारं अॅक्रिलिक लावलं तर ते धड चमकतही नाही. म्हणून जाणकार ते काळ्या फोल्डरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, पलंगाखाली सपाट ठेवतात आणि पाहुण्यांना मोबाइलवर फोटो दाखवतात.